देव शेवटच्या खेपेला

फार फार वर्षं झाली, नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या दोन फाट्यांमध्ये कवठेबेट नावाचं गाव होतं. गावाला होडी एकच, आणि ती चालवायची सगुणा भोईण. नवरा गेल्यावर तिनं वल्हं हातात घेतलं ते खाली ठेवलंच नाही. पाण्याकडे नुसतं बघून ती पुढचं सांगायची, असं म्हणतात.

एका कार्तिकात भैरोबाची जत्रा होती. पालखी सजली होती, लख्ख ऊन पडलं होतं. सगुणा घाटावर उभी होती. अचानक पाणी तांबडं झालं आणि मुळासकट उपटलेलं एक झाड समोरून वाहत गेलं. ती गावाकडे वळून ओरडली,

"वरचा तलाव फुटला! चला रे, घाटावर चला!"

सगळे धावत आले, पण रिकाम्या हातानं कुणी येईना. कुणी धान्याची पोती आणली, कुणी तांब्याचा हंडा, कुणी पेटी. पाटील पालखी घेऊन आले. जो तो म्हणे, आधी माझं. त्या रेटारेटीत एक बाळंतीण पार मागे ढकलली गेली. तान्हं लेकरू छातीशी धरून ती गुडघाभर पाण्यात रडत उभी होती.

सगुणानं ते पाहिलं आणि वल्हं पाण्यावर असं आपटलं, की तो आवाज सात गावांत गेला, असं म्हणतात.

"आधी श्वास, मग सामान! पोती खाली ठेवा."

"आणि देव?" पाटील गरजले. "देव आधी जाईल!"

सगुणा म्हाताऱ्या धोंडू गुरवाकडे वळली. "गुरवकाका, तुम्हीच सांगा. देव बुडेल का?"

गुरवानं पालखीला हात जोडले. "देव कसला बुडतोय, पोरी? मी बुडेन. मला पोहता येत नाही."

त्या घाईतही लोक हसले, पोती धपाधप खाली पडली आणि पालखी देवळाच्या पायरीवर टेकली.

पहिल्या खेपेला बाळंतीण आणि पोरं गेली. सगुणाची लेक चिमीही त्यातच होती. मग म्हातारे, मग बाकीचे, मग गुरंवासरं. दर खेपेला सगुणा पलीकडच्या टेकडीवर चिमी दिसते का बघे. दिसली की हातात पुन्हा बळ येई. शेवटचं कोकरू होडीत चढेपर्यंत पाणी देवळाच्या पायरीशी थबकून राहिलं होतं, असं म्हणतात.

टेकडीवर घराघराची माणसं मोजली. एकही कमी नव्हतं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

सगुणानं पुन्हा होडी लोटली. आता पाटीलच पाण्यात धावले. "नको जाऊस, बाई! होडीला चीर गेलीय. देव समजून घेईल."

"सगळे झाले, पाटील. आता त्याची पाळी."

ती मध्यावर पोचली तेव्हा देऊळ दिसेनासं झालं होतं. पण पालखी धारेवर डुलत, प्रवाह कापत, आपणहून होडीशी आली. सगुणानं नुसता हात पुढे केला, असं म्हणतात.

गाव मग टेकडीवरच वसलं. आता नदीवर पूल आहे. जत्रेला पालखी पुलाच्या तोंडाशी येते आणि थांबते. आधी लेकुरवाळ्या जातात, मग म्हातारे, मग झाडून सगळी जत्रा. लांबून कुणी धावत येताना दिसलं तरी पालखीचे भोई खांदा हलवत नाहीत. पलीकडून हाक येते, "सगुणे, सगळे आले गं!" मगच देव पूल ओलांडतो.