गवरा बुरडिणीचं बेट

फार फार वर्षांपूर्वी, आमच्या माळावर घरं कमी आणि बांबू जास्त होते तेव्हा, इथे गवरा बुरडीण राहायची. सुपं-टोपल्या विणायची आणि लोकांची मोडलेली हाडं बसवायची. दोन्ही कामं ती डोळे मिटून करायची, असं म्हणतात.

एका पावसाळ्यात माळावर धनगरांचा तळ पडला होता. दरड कोसळली आणि धुळा नावाच्या जवान मेंढपाळाच्या नडगीवर धोंडा आला. पाय फुगला, भलतीकडे वळला, हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं. दिवाळी झाली की तळ कोकणात उतरणार होता. मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत, ज्याला चालवत नाही तो मागे राहतो.

"आये, पाय तोडू नगं," धुळा म्हणाला. "मेंढरांमागं जायचं हाय मला."

गवराने त्याच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख हळूच लाल झालं.

"रगत चालतंय, पाय ऱ्हाईल. पर निस्त्या कामट्या बांधून भागायचं न्हाई. हाडाला आतनं आधार द्याया पायजे."

तिने कडुनिंबाच्या पाण्याने जखम धुतली, हाड ओढून जागेवर आणलं आणि त्याच्या पोकळीत उकळून घेतलेली बांबूची सळई घातली. धुळा असा ओरडला की माळावरची सगळी मेंढरं एकदम खाली बसली, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं!

जखम भरली, हाड जुळलं. पण धुळा त्या पायावर भार देईना. दिवाळी झाली, घोड्यांवर बिऱ्हाडं लादली, तरी हा आपला पाय उचलूनच. पोराची भीती बघून गवराला वाईट वाटलं. ती त्याच्यासमोर आली आणि स्वतः एका पायावर उभी राहिली.

"तुझ्या पायात माझा बांबू हाय. माझ्यात तर त्योबी न्हाई. चांगला पाय उचल. पडलो तर दोघंबी पडू."

तिचा तोल जायला लागला, तसं शेजारणीने तिला धरलं. मग तीही एका पायावर, मग सगळं गाव. धुळ्याला हसू फुटलं आणि हसता हसता तो मोडक्या पायावर उभा राहिला. त्याच पायाने तो घाट उतरला.

गवरा गेली, तेव्हा धुळ्याने तिच्या दारात बांबू लावला. बांबूला फुलोरा आला की बेट वाळतं. हे बेट कधी फुललंच नाही, असं म्हणतात.

आता नडगी मोडली की तालुक्याच्या दवाखान्यात स्टीलचा रॉड घालतात. पण घरी येणारा माणूस आधी बेटापाशी थांबतो आणि बऱ्या झालेल्या पायावर उभा राहतो. सोबतचेही सगळे एकेक पाय उचलतात. डगमगेल त्याला शेजारच्याने धरायचं. तिथे कुणी पडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मीही तिथे उभा राहिलोय.