पेत्राला रडवणाऱ्याचा पणतू

जनावरं माणसांपेक्षा शानी व्हती, त्या काळातली गोष्ट. चर्चमागच्या खुराड्यात एक कोंबडा लई ताठ्यात राह्यचा. "मी प्रभूला वळखत न्हाय, असं त्याचाच चेला पेत्र म्हनला, तवा त्याला रडवलं कुनी? माझ्या पणज्याच्या बांगेनं! ती ऐकली आन त्याला आपलं पाप उमगलं!" असं रोज सांगायचा आन दुसऱ्यांची पापं हुडकत बसायचा.

एका दिवेलागणीला कवडी कोंबडी दारात आली. शिवंपल्याडच्या कोंबड्याच्या नादानं ही पळाली व्हती. परत आली ती लंगडत, मान सोलून. मागं बांधावर मुंगूस घुटमळत व्हतं.

"दादा, आत घे रं. कोपऱ्यात बसंन."

कोंबडा दारात आडवा झाला. "चल हट! हितं पवित्र कोंबड्या ऱ्हातात."

अंड्यांवर बसलेली म्हातारी तांबडी आतून भडकली. "मुडद्या, पेत्र रडला एवढंच पाठ हाय तुला. म्होरं काय झालं?"

"म्होरं काय? रडला, संपलं."

"संपलं कशानं? प्रभू मेल्यातनं उठला, तवा त्यानं तळ्याकाठी जाळ केला, मासळी भाजली आन त्याच पेत्राला म्हनला, ये, चार घास खा. तुझ्या पणज्यानं नुसतं रडवलं. जेवू घातलं ते प्रभूनं!"

कोंबड्याचा तुरा कलला. तेवढ्यात मुंगूस कवडीवर झेपावलं. कोंबड्यानं पंख फुगवून मधी उडी मारली आन असा ओरडला, की मुंगूस काट्याच्या कुपाटीत पळालं.

मग कवडीला आपल्या जागी बसवून तो हळूच म्हनला, "तांबडे, दानं ऱ्हायलंत का गं? हिनं सकाळधरनं काय खाल्लेलं दिसत न्हाय."