होलीबाईंची पक्की फांदी

माणसाला अजून घर बांधता येत नव्हतं, तेव्हाची गोष्ट. डोहावर झुकलेल्या बाभळीच्या एका फांदीवर कावळा तयार घरटी विकायचा. पारव्याच्या जातीतल्या होलीबाईंना चार काटक्यांपलीकडे घर बांधणं कधी जमलं नव्हतं. त्यांनाही तो म्हणाला, "आज राहायला या, दाणे सुगीला द्या. थोडे वाढतील एवढंच."

होलीबाईंकडे एक दाणा नव्हता. पण साळुंकीनं घर घेतलं होतं, मग यांना कुठला धीर निघायला! "फांदी पक्की आहे ना?" एवढं मात्र त्यांनी विचारलं.

कावळ्यानं सुतारपक्ष्याला बोलावलं. त्यानं फांदीवर टकटक केली, आतून एक गुबगुबीत अळी ओढून गिळली आणि म्हणाला, "पक्की." रोज नवं बिऱ्हाड यायचं आणि रोज सुतारपक्षी पोट भरून जायचा.

एके दुपारी फांदी मोडली. पाखरं उडाली म्हणून वाचली, घरटी मात्र डोहात गेली.

संध्याकाळी घुबडापुढे पंचायत बसली. कावळा म्हणाला, "मी तपासून घेतली होती."

सुतारपक्षी म्हणाला, "मी सगळ्यांसमोर तपासली."

"आणि मेहनताना?" घुबडानं विचारलं.

"फांदीतल्या अळ्या."

घुबडानं मान फिरवली. "होलीबाई, पक्क्या लाकडात अळी कुठून येईल? तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली," होलीबाई पुटपुटल्या. "पण बोलले असते तर घर गेलं असतं."

निकाल लागायच्या आतच कावळा सुतारपक्ष्याला घेऊन वरच्या फांदीवर गेला आणि टकटक सुरू झाली. होलीबाई लगबगीनं वर गेल्या. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि विचारलं, "पक्की आहे ना?"