अल्लोन-बाकूथचा पत्ता

“आप्पा, अल्लोन-बाकूथ नेमके कोठे होते?”

विचारणाऱ्याचे पूर्ण नाव नथानेल सदोबा आढाव, वय वर्षे शहात्तर. शाळा चौथीपर्यंत, पुढची सारी विद्या स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली. बायबलातील चारशे अकरा स्थळांचा नकाशा त्यांनी स्वहस्ते रेखाटला होता. एकच जागा कोरी होती आणि ती दातांत अडकलेल्या कुसळासारखी सलत होती.

ज्यांना विचारले ते निवृत्त पाळक लाजरसआप्पा शिणगारे, नव्वदी ओलांडलेले. ईस्टरचा आदला दिवस. राहुरीच्या कबरस्थानात जो तो आपापल्या माणसांच्या कबरी चुन्याने रंगवीत होता. आईच्या संगमरवरी कबरीवर फुले ठेवून नथानेलराव कडुनिंबाखाली आले, तेव्हा आप्पा तेथे एका बिननावाच्या कबरीवरून कुंचा फिरवीत बसले होते.

“नथू, चारशे अकरा गावं फिरून आलास आणि वाट मला विचारतोस?”

“थट्टा नको. उत्पत्ती, अध्याय पस्तीस. बेथेलच्या खालच्या अंगाला एक वृक्ष. काही पंडित तो रामा आणि बेथेल यांच्यामधल्या दबोरेच्या ताडापाशी नेतात. साफ चूक. ती दबोरा न्यायनिवाडा करणारी. ही दबोरा दाई.”

“कोणाची दाई?”

“रिबकेची. माहेराहून तिच्याबरोबर आलेली. तिला त्या वृक्षाखाली पुरले, म्हणून त्याचे नाव रुदनाचा वृक्ष.”

“राणी नाही, संदेष्टी नाही... दाई.”

“दाईच.”

“रडलं कोण?”

नथानेलरावांनी चष्मा सारखा केला. “तशी नोंद नाही.”

“मग नाव कोणी ठेवलं?”

“जे त्या वेळी हजर होते, त्यांनी. उघड आहे.”

“उघड आहे,” आप्पा म्हणाले.

कुंचा चुन्यात बुडाला, निथळला, फिरला...

नथानेलरावांनी प्रथमच त्या कबरीकडे नीट पाहिले. “ही कोणाची?”

“चंपादाईची.”

चंपादाई मिशनच्या दवाखान्यातली. नथानेलची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा तिने ते पोर पदराखाली घेतले आणि सोळा वर्षे वाढवले. ती वारली त्या दिवशी नथानेलरावांचे पुण्यात व्याख्यान होते. तार वेळेवर हाती पडली होती. व्याख्यान उत्तम झाले. पुढे तिची कबर कोठे, हे विचारायची लाज वाटली; आणि त्या लाजेवर वर्षे चढत गेली.

“एकेचाळीस वर्षे... तुम्ही?”

“तुझ्या वाटणीचं काम होतं. पडून कसं राहू द्यायचं?”

“मला सांगितले का नाही?”

“तू विचारलंस कधी? तू हेब्रोन विचारायचास, यरीहो विचारायचास...”

नथानेलरावांनी नकाशाची गुंडाळी गवतावर ठेवली. मग चौथीतल्या पोरासारखे त्यांचे खांदे गदगदू लागले...

आप्पांनी कुंचा नथानेलरावांच्या हातात दिला.

“पायथ्याची बाजू राहिली आहे. सावकाश कर. तिला घाई नाही.”

नकाशा ती एक जागा कोरी ठेवूनच छापला गेला. नथानेलराव आता दरवर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी कडुनिंबाखाली दोन कबरी रंगवतात. दुसरी आप्पांची.