डोलीची दांडी

फार फार वर्षांमागची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि थोरांनी मनाशी धरावी अशी. तेव्हा डोंगरांतून पायवाटा जात, पण गाडी काही तिथे पोचत नसे. नवरी सासरी निघो की आजारी माणूस वैद्याकडे, जायचं ते डोलीतून. पुढे भोई, मागे भोई, त्यांच्या खांद्यांवर एक लांब दांडी आणि दांडीला टांगलेली डोली. खाली खोल दरी आणि सगळा भार त्या एका दांडीवर.

अशा दांड्या बनवणारा येसबा नावाचा कारागीर एका डोंगरगावात राहत असे. नुसत्या लाकडाची दांडी जड होते आणि ऐन वेळी दगा देते, म्हणून तो बांबूच्या पातळ कामट्या एकावर एक चिकटवी. कामट्यांचा थर, त्यावर सरस, त्यावर तागाचं कापड, पुन्हा कामट्या. सरस वाळला की सगळे थर एकजीव होत. मग दांडी वाके, पण मोडत नसे.

येसबाला एक खोड होती. पुढचा थर चढवण्याआधी तो डोळे मिटून आधीच्या थरावरून तळहात फिरवी आणि दांडीलाच विचारी, "काय राह्यलंय का गं मधी?" एखादं कुसळ, भुशाचा कण, सरसात अडकलेला केस, जे हाताला लागेल ते तो नखाने काढून टाकी. मग बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐके. खणखणीत वाजलं तरच पुढे. गावातली पोरंटोरं त्याची नक्कल करत, दिसेल त्या खांबाला तोच प्रश्न विचारत आणि फिदीफिदी हसत. येसबाही हसे, पण खोड काही सोडत नसे.

येसबाला एकुलती एक लेक होती, सगुणा. तिची आई तिला जन्म देऊन गेली, तेव्हापासून येसबाच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. आक्का तोंडाची मोठी फटकळ, पण सगुणाला ठेच लागली की पाणी आक्काच्या डोळ्यांत. सगुणाचं लग्न घाटापलीकडच्या गावात ठरलं आणि आक्काने भावाला दरडावलं, "पोरीच्या दांडीला सरस मी लावनार. तू मधी बोलायचं न्हाई."

येसबा कशाला बोलतो! बहीणभाऊ अंगणात बसून थर चढवू लागले. आक्का सरस लावी, येसबा कामट्या बसवी. आणि इथेच येसबाचं चुकलं. आक्काच्या थरावरून फिरवायला त्याने हात उचलला आणि तसाच मागे घेतला. ज्या हातांनी आपली लेक वाढवली, त्या हातांचं काम तपासायचं? आक्काला काय वाटेल? परक्यांच्या दांडीचा थर न् थर चाचपणारा येसबा स्वतःच्या लेकीच्या दांडीवर डोळे झाकून थर चढवत गेला. वरून लाख दिली, तांबडा रंग दिला. दांडी अशी देखणी झाली की बघणाऱ्याची नजर हटेना.

लग्न लागलं. पाठवणीच्या सकाळी भोई डोली घेऊन दारात आले. दांडी खांद्यावर जाण्याआधी येसबाने सवयीने ती पेराने ठोकली. टोकापासून मध्यापर्यंत खणखणीत वाजली आणि मध्याच्या जरा पुढे एकदम बद्द.

त्याने पुन्हा ठोकलं, पुन्हा बद्द. वऱ्हाड खोळंबलेलं, मुहूर्त जवळ आलेला, आक्का पदराने डोळे पुसत उभी. गप्प बसावं का? कदाचित काही होणारही नाही. पण डोलीत बसणार होती सगुणा.

"डोली निघायची न्हाई," तो म्हणाला. "दांडीत खोट हाय."

व्याही तापले. "अहो, येवढी मानसं ताटकळलीत आन् तुमी आवाज ऐकत बसलाय? मुहूर्त टळला मंजी?"

आक्काही उसळली. "जीव लावून केलीया दांडी! खोट कशी आसंल?"

तेव्हा भोयांतला सर्वांत म्हातारा भोई पुढे आला. "मालक, मुहूर्त फिरून गावतो, दरीत गेलेलं मानूस गावत न्हाई. आसं करा. पोरीच्या वजनाची नाचनीची पोती घाला डोलीत. आमी देवळाच्या पायऱ्या चढून उतरतो."

पोती घातली. भोई पायऱ्या चढले. उतरताना पुढचे भोई खाली आले, भार कलला आणि कडाड्! दांडी उभी फाटली, पोती गडगडत गेली आणि नाचणी पायऱ्यांवर सांडली. व्याह्यांनी एकवार नव्या सुनेकडे पाहिलं आणि डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं.

येसबाने फाटलेला थर उचकटला. आतला सरस धरलाच नव्हता. त्यात कुंकू लावलेले तांदूळ फुगून बसले होते. चिमूटभर अक्षता.

आक्का मटकन खाली बसली. "म्या घातल्या त्या," ती म्हणाली. "देवीम्होरच्या व्हत्या. म्हनलं, वाटंत देवी आसंल पोरीच्या संगं. म्याच मारत व्हते रं तिला!"

सगुणाने धावत येऊन आक्काला मिठी मारली. येसबाही शेजारी टेकला. त्याला बहिणीचा राग आला नाही. आला तो स्वतःचाच.

"तुजी माया खोटी न्हाई आक्का, जागा तेवढी चुकली," तो म्हणाला. "म्या एक डाव हात फिरवला आसता तर नखानं निघाल्या आसत्या. तुजी भीड धरली, आन् पोरीचा जीव टांगनीला लावला."

नवी दांडी होईपर्यंत वऱ्हाड गावातच राहिलं. या वेळी आक्काचा थर येसबा चाचपी आणि येसबाचा थर आक्का. एकदा येसबाच्या थरात आक्काच्या बोटाला बारीकसं कुसळ लागलं. तिने ते चिमटीत धरून साऱ्या अंगणाला दाखवलं. "बगा, म्हनं मोठा कारागीर!" सगळे खो खो हसले आणि त्यांत येसबाचा आवाज सर्वांत मोठा होता.

सगुणा निघाली, तेव्हा आक्का येसबाला घेऊन गावाच्या शेवटच्या धोंड्यावर जाऊन उभी राहिली. घाटाच्या अवघड वळणावर डोली दरीवर झुलली, दांडी वाकली आणि पुन्हा सरळ झाली. थोड्या वेळाने डोली पलीकडच्या उतारावर दिसू लागली. मग कुठे आक्काने येसबाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं.

तात्पर्य: ज्यांच्यावर आपला जीव आहे त्यांचं कामही वरचा थर चढण्याआधी तपासावं, भिडेपोटी झाकलेली खोट जीव मागते, वेळीच शोधलेली नखाने निघते.