संग्रामच्या जावळाचा फोटो

एका गावात एक भोळा मामा होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं शहाणी माणसंही राहतात आणि त्यांच्या मुलाबाळांची लग्नं व्हायची आहेत. मामाचं नाव मात्र सांगतो. हिंदुराव. म्हणजे मीच.

भोळा हा शब्द माझ्या आईचा. बाकीचे दुसरा शब्द वापरतात.

माझी थोरली बहीण आक्का बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. नाव ठेवलं संग्राम. दाजी फौजेत, कुठंतरी बर्फातल्या चौकीवर. त्यांच्या घरी दुसरं कुणी नाही, म्हणून आक्का आमच्याकडंच राहिली. संग्राम अकरा महिन्यांचा झाला तरी दाजींना सुट्टी मिळाली नव्हती. बापानं पोराला अजून बघितलंच नव्हतं.

पोराचं जावळ वर्षाच्या आत निघायला हवं, अशी आमच्याकडं रीत. दिवस ठरला. तेवढ्यात दाजींच्या पलटणीतला एकजण सुट्टीवर आला आणि त्याच्याबरोबर दाजींनी कॅमेरा पाठवला. डिजिटल. साबणाच्या वडीएवढा. बरोबर चिठ्ठी होती. आक्कानं ती मोठ्यानं वाचली.

"संग्रामचं जावळ कुरळं आहे असं तू लिहिलंस. माझ्या वडलांचे केस तसेच होते. मी येईपर्यंत ते काढून झालेलं असेल. तेवढा एक फोटो पाठव. डोकं स्पष्ट दिसू दे. कॅमेरा हिंदुरावकडं दे."

दाजींनी त्याआधी माझ्यावर कधी काही सोपवलं नव्हतं. ते मला ओळखून होते. बर्फात माणसाचं डोकं गारठत असावं.

त्याच दिवशी आक्कानं संग्रामला मांडीवर घेतलं, पदरानं त्याचं नाक पुसलं आणि माझ्याकडं बघून हसली. मी कॅमेरा धरला आणि विहिरीवरच्या मोटरीचं बटण दाबतात तसं अंगठ्यानं हाणलं. कॅमेरा वीतभर खाली गेला आणि वर आला. फोटो निघाला.

तालुक्याला बाबालालभाई मुलाणींचा फोटो स्टुडिओ होता. तिथं कॅमेरा दिला की ते फोटो काँप्युटरवर मोठा करून दाखवत. बाबालालभाईंनी फोटो बघितला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. परत फोटो बघितला.

"ह्ये काय हाय?"

"भाचा."

"भाचा हाय का हुरड्याची शेकोटी? नुसता धूर दिसतुया."

मी मान वाकडी करून बघितलं. भाचाच होता.

"हात हालला तुझा," ते म्हणाले. "कोपरं पोटाला लावायची. बटण हळू दाबायचं. दाबताना दम रोखायचा. काय बी झालं तरी हालायचं न्हाई."

"काय बी झालं तरी?"

"काय बी झालं तरी."

मी मान डोलावली. शिकवलेलं मी कधी वाया घालवत नाही. तेच तर दुखणं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का चुलीपुढं भाकरी थापत होती आणि संग्राम रांगत होता. मी दारात बसलो, कोपरं पोटाला लावली, दम रोखला. संग्राम रांगत रांगत पिठाच्या डब्याकडं गेला. डबा फळीच्या कडेला होता आणि फळीवरच्या फडक्याचं टोक खाली लोंबत होतं. संग्रामनं ते धरलं.

आक्काचे दोन्ही हात पिठात. "हिंद्या, धर त्याला!"

मी दम रोखलेला. उत्तर कसं देणार?

"अरं मुडद्या, डबा पडतुया! हाल की!"

नेमकं तेच तर करायचं नव्हतं. डबा पडला. संग्रामला लागलं नाही, पण पोरगं दिसेनासं झालं. त्या पांढऱ्या ढगात मी हळू बटण दाबलं. माझा हात दगडासारखा स्थिर होता, हे मी आजही अभिमानानं सांगतो. आक्कानं मला उलथन्यानं मारलं तेव्हा मात्र हललो. पण तोवर फोटो निघाला होता.

बाबालालभाईंनी फोटो बघितला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"शेकोटी इझल्याली दिसतीया," ते म्हणाले.

मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अरं, पोरगं पळत असल्यावर तू एकटा थांबून काय उपेग? त्यात घरात अंधार. उजेड कमी असला की कॅमेऱ्याला येळ लागतो, आन तेवढ्यात पोरगं हालतं. उजेड पायजे. पोरगं जितं असंल तितं उजेड पायजे."

"जिथं असंल तिथं?"

"तितंच."

तिसऱ्या दिवशी दुपारी संग्राम मधल्या खोलीत पाळण्यात झोपला. आक्का म्हणाली, "झोपलाय. आता जागचा हालत न्हाई. दारातनं उजेड येतुया तेवढा बास हाय. गुमान काढ फोटो." आणि ती धुणं घेऊन ओढ्यावर गेली.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं फोटो काढला असता. पोरगं शांत, हात पोटाशी, जावळ उशीवर पसरलेलं. एकेक कुरळी बट मोजून घ्यावी अशी. पण पाळण्यावर उजेड नव्हता, आणि पोरगं जिथं होतं तिथंच उजेड पाहिजे होता. मी शिडी लावून घरावर चढलो आणि पाळण्याच्या बरोबर वरची अकरा कौलं काढली.

उजेड आला. त्याच्याबरोबर पंधरा वर्षांची धूळ, चिमण्यांचं एक घरटं आणि एक पाल आली. संग्रामनं जी किंकाळी फोडली ती ओढ्यापर्यंत ऐकू गेली. मी उडी मारून खाली आलो, दम रोखला आणि हळू बटण दाबलं. फोटोत उन्हाचा झोत फार छान आला होता. झोतात धूळ होती आणि धुळीत कुठंतरी माझा भाचा होता.

आक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वडील बोलले, पण ते इथं लिहिता येत नाही.

बाबालालभाईंनी फोटो बघितला. चष्मा काढला. या वेळी पुसलाच नाही.

"हिंदुराव," ते हळू आवाजात म्हणाले, "तू कॅमेरा हातात धरूच नगंस. जागची हालत न्हाई असल्या कशावर तरी ठिव. ह्यात घड्याळ हाय. ह्ये दाबलं की लाल बत्ती लुकलुकती आन धा सेकंदांनी फोटो आपसूक निघतो. तू हात लावू नगंस, दम रोखू नगंस, घरावर चढू नगंस. कॅमेरा ठिव आन लांब हो."

एवढं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. घरी येताना मी वाटभर विचार केला की आमच्याकडं जागचं हलत नाही असं काय आहे. पाटा आम्ही रोज हलवतो. बाज रोज हलवतो. रांजण दर आठवड्याला धुवायला हलवतो. मग आठवलं. आमची म्हैस! वडील रोज तिच्या अंगावर ओरडतात, "ही बया एकदा बसली की जागची हालत न्हाई!" वडील खोटं बोलत नाहीत.

म्हैस गोठ्यात बसली होती. पाठ रुंद, सपाट. मी तिच्यावर कॅमेरा ठेवला. समोर आक्काला उभं केलं, कडेवर संग्राम. ऊन छान होतं.

"म्हशीवर?" आक्का म्हणाली.

"तुला कळत न्हाई त्यातलं. घड्याळ लावलंय."

लाल बत्ती लुकलुकायला लागली. कॅमेरा टीं टीं वाजायला लागला. त्याच्या आत आवाज असतो हे बाबालालभाई सांगायचे विसरले होते. म्हशीनं कान टवकारले. नवव्या सेकंदाला ती जन्मात पहिल्यांदा न सांगता उठली.

फोटोत आभाळ आलं आणि एका शिंगाचं टोक. कॅमेरा शेणात पडला. शेण मऊ असतं म्हणून तो वाचला. मी तो धुतला नाही, पुसला, याबद्दल कुणीतरी मला शाबासकी द्यायला हवी होती.

बाबालालभाईंनी वास घेतला, मग फोटो बघितला.

"जित्राबावर कॅमेरा ठिवला?"

"ती हालत न्हाई."

"मग ह्ये काय हाय?"

"ती हालली."

त्यांनी कॅमेरा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता शेवटचं सांगतो. फोटो काढायच्या आधी नुसतं बघायचं. काय हालतंय? पाळणा हालत असंल, थांबीव. दोरीवर धोतर हालत असंल, काढून ठिव. म्होरं फांदी हालत असंल, तोड. जे हालतंय ते आधी काढून टाकायचं. मग फोटो. ध्येनात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल."

"दगडी कट्ट्यावर ठिव कॅमेरा. दगडी. त्याला शिंगं नसत्यात."

जावळाच्या दिवशी तुम्हीच या, असं मी त्यांना म्हणालो. पण त्या दिवशी त्यांच्याकडं दुसऱ्या गावातल्या लग्नाचं काम होतं. मला वाटतं, नसतं तरी त्यांनी कुठलं तरी काम काढलंच असतं.

जावळाच्या दिवशी सकाळी आक्कानं संग्रामच्या डोक्याला तेल लावलं आणि बोटानं एकेक बट सोडवली. मग मला जवळ बोलावलं. राग सगळा गेला होता.

"हिंद्या, आज हे निघालं की संपलं बघ," ती म्हणाली. "परत येत्यात ते निराळं केस. ह्यांनी पोराला अजून बघितलं न्हाई. निदान ह्ये तरी बघू दे त्यांना. एक फोटो नीट काढ, माझ्या भावा. एकच."

तिचे डोळे भरले. माझेही भरले. मी वाईट माणूस नाही. हे आत्ताच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसं वाटेल.

जावळ भैरोबाच्या देवळात काढायचं होतं. देऊळ गावाबाहेर टेकडीवर. पोरानं मामाच्या मांडीवर बसायचं, पहिली कात्री मामानं लावायची, मग बाकीचं काम गावच्या न्हाव्यानं, म्हणजे विष्णूमामांनी करायचं. आमच्या गावातल्या तीन पिढ्यांची जावळं विष्णूमामांनी काढली आहेत. माझंही त्यांनीच काढलं होतं. डोक्यात तेव्हाच काही गेलं असेल तर माहीत नाही.

आक्का पूजेचं ताट घेऊन देवळात निघाली. जाताना म्हणाली, "आधी फोटो. मग कात्री." पाच पावलं गेली आणि वळून परत म्हणाली, "आधी फोटो!"

मी दगडी कट्ट्यावर कॅमेरा ठेवला. ऊन भरपूर होतं. संग्रामला उचललं, घड्याळ लावलं, पळत जाऊन समोरच्या पायरीवर बसलो. पोरगं मांडीवर गुळाचा खडा चोखत शांत होतं. लाल बत्ती लुकलुकली. फोटो निघाला. मी धावत जाऊन बघितला.

काय सांगू! माझी मिशी स्पष्ट. संग्रामचे डोळे स्पष्ट, हनुवटीवरचा गूळ स्पष्ट. आयुष्यात पहिल्यांदा मला बरोबर फोटो आला होता. फक्त पोराच्या डोक्यावर जरा धूर दिसत होता. टेकडीवर वारा होता.

मी दुसरा काढला. धूर. तिसरा काढला. परत धूर. दाजींना धुरकट काही पाठवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तिन्ही फोटो पुसून टाकले.

मग मी शांतपणे उभा राहिलो आणि बाबालालभाईंनी सांगितलं तसं बघितलं. काय हलतंय? कट्टा हलत नव्हता. पायरी हलत नव्हती. संग्राम हलत नव्हता. विष्णूमामा तर केव्हाचे वस्तरा घेऊन पुतळ्यासारखे बसले होते. मी नीट न्याहाळलं आणि मला सापडलं. एवढ्या देवळात एकच गोष्ट हलत होती.

"विष्णूमामा," मी म्हणालो, "घ्या कात्री."

"फोटो झाला व्हय?"

"न्हाई. फोटो मागनं."

"अवो, ताई तर आधी फोटो म्हणाली."

"ताईला त्यातलं कळत न्हाई. जे हालतंय ते आधी काढायचं, मग फोटो. तालुक्याला शिकून आलोय मी."

विष्णूमामांनी पेटीतली कात्री काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "तुमी मामा. आज तुमचा मान. तुमी म्हणाल तसं."

मानाचा माणूस मी त्या एकाच दिवशी होतो. मी पहिली कात्री लावली. एक कुरळी बट पायरीवर पडली. पुढचं विष्णूमामांनी केलं. हात इतका हलका की संग्रामनं गूळसुद्धा सोडला नाही. रीतीप्रमाणं त्यांनी सगळं जावळ फडक्यात गोळा केलं, टेकडीखालच्या ओढ्यावर गेले आणि वाहत्या पाण्यात सोडून आले. वस्तरा धुतला.

मग मी घड्याळ लावलं. पोराला मांडीवर घेऊन बसलो. दहा सेकंद. फोटो निघाला.

असा फोटो आमच्या पंचक्रोशीत कुणी काढला नसेल. धूर नाही, धूळ नाही, पीठ नाही, शिंग नाही. पोराचं डोकं इतकं स्पष्ट की त्यावर देवळाचा कळस दिसत होता. माझा ऊर भरून आला. बर्फात बसलेले दाजी डोळ्यांपुढं आले. मला वाटलं, त्यांचा विश्वास आज सार्थकी लागला.

आतली पूजा आटपून आक्का नारळ घेऊन देवळाच्या दारात आली. उन्हामुळं तिनं डोळ्यांवर हात धरला होता, त्यामुळं तिला आमच्यातलं कुणी नीट दिसत नव्हतं.

"निघाला का रं फोटो? नीट आला का?"

मी संग्रामला काखेत मारलं आणि कॅमेरा घेऊन तिच्याकडं धावलो.

"बघ आक्का, बघ!" मी म्हणालो. "एक केससुद्धा हालला न्हाई!"