बुरुडाच्या दारातले सूप

काशीच्या गादीवर एक न्यायी राजा होता, त्या काळची ही गोष्ट. राजधानीपासून फार दूर, व्यापाऱ्यांच्या वाटेवरल्या अगदी शेवटच्या गावात बोधिसत्त्व बुरुडाच्या कुळात जन्मला होता. नाव वेणुक. सुपे, टोपल्या, कणग्या विणाव्यात आणि पोट भरावे. घरात माणसे तीनच: वेणुक, त्याची म्हातारी आई आणि बायको उत्पला. त्यांच्या अंगणापुढे पाच कोसांचा उजाड माळ सुरू होई. त्यात ना विहीर, ना सावलीचे झाड.

म्हणून वेणुकाच्या आजोबांनी दारावर एक सूप टांगले होते. सुपाचे तोंड वाटेकडे असले की समजावे, घरात अन्न आहे, या. सूप पालथे असले की समजावे, जेवणे होऊन आवराआवर झाली. वाटसरू या खुणेचा मान राखत. पालथ्या सुपाच्या दारात कोणी हाक मारीत नसे.

सासू सकाळी चार पसे तांदूळ काढी. तीन घरच्यांचे, एक येणाऱ्याचा. ठरल्या मापात भर घातली तर अन्न रुसते, असे त्या घरात मानत, त्यामुळे पाचवा पसा कधी पडत नसे. पाहुणा आधी जेवे, मग वेणुक, मग सासू आणि सगळ्यांच्या शेवटी उत्पला. एक पाहुणा आला तर हिशेब बरोबर बसे. दोन आले तर उत्पलेच्या वाट्याला पेज उरे. आणि उन्हाळ्यात तांडे सुरू झाले की दुसरा पाहुणा रोजचाच. वेणुकाला मात्र वाटे, आपल्या घरचे भांडे कधी रिकामे होतच नाही. भरल्या पोटी उठणाऱ्याला असे वाटायचेच!

उत्पलेला पाहुणे आवडत. लांबच्या गावांच्या गोष्टी ऐकाव्यात, कोणाच्या पोराला खेळवावे, यात तिचा जीव रमे. पण त्या वैशाखात सलग तीन दिवस ती पेजेवर होती. चौथ्या दिवशी भात शिजला, वाफेचा वास घरभर पसरला आणि तिला वाटेवर धूळ उडताना दिसली. आजही तांडाच असणार, असे तिला वाटले. सासू शेजारी गेली होती, वेणुक बांबू तोडायला. उत्पला दारात गेली आणि तिने सूप पालथे करून टाकले. आज मला जेवायचे आहे, एवढेच तिच्या मनात होते.

कुडाच्या फटीतून तिला एकच बाई दिसली. कडेवर वर्षाचे पोर. बाई अंगणाशी थांबली, सुपाकडे पाहिले, पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतले आणि काही न बोलता माळाकडे चालू लागली. हाक मारावी असे उत्पलेला फार वाटले. पण हाक मारली असती तर सूप खोटे होते हे सांगावे लागले असते. लाजेने तिचे तोंड उघडेना. बाई दिसेनाशी झाली. उत्पलेने पान वाढून घेतले, पण घास काही तोंडाशी जाईना.

वेणुक घरी आला तेव्हा ती तशीच बसली होती.

"सूप पालथं कसं? भांडं तर भरलेलं दिसतंय," तो म्हणाला.

"मीच फिरवलं. एक बाई गेली हो माळाकडे. कडेवर पोर होतं, हातात पाण्याचा भोपळासुद्धा नव्हता."

वेणुकाने खांद्यावरचे बांबू टाकले, पाण्याचा भोपळा उचलला आणि निघाला. उंबऱ्याशी मात्र तो थांबला. उत्पलेने आजवर कोणाला साधे ताकही नाकारले नव्हते, हे त्याला आठवले.

"तू जेवलीस का?"

तिने समोरच्या भरल्या पानाकडे पाहिले.

"काल?"

उत्पलेने पदराने डोळे टिपले. लग्न होऊन आल्यापासून सहा वर्षांत हे तिला कोणी विचारले नव्हते.

"परवा तरी?" वेणुकाचा आवाज उतरला. "बस, आधी जेव. त्यांना मी घेऊन येतो."

तो धावत गेला. थोड्या वेळाने सासू आली आणि सगळे ऐकून कपाळाला हात लावून बसली. "आमच्या दारातून कधी कोणी उपाशी गेलं नाही गं! काय केलंस हे!" उत्पला उठून दारात गेली. ती माळाकडे डोळे लावून उभी राहिली. ऊन कलले. ते पोर जगू दे, एवढेच ती घोकत होती.

मग धुळीत एक माणूस दिसला. त्याच्या खांद्यावर पोर होते आणि मागून बाई येत होती. पोर भोपळ्याच्या तोंडावर हात आपटत रडत होते, चांगले ठणठणीत रडत होते. ते रडणे उत्पलेने ऐकले. ती उंबऱ्यात बसली, हसू लागली आणि रडूही लागली.

"माझं चुकलं, बाई," ती म्हणाली.

"तुमचं कसलं चुकलं?" ती बाई म्हणाली. "सूप पालथं दिसलं. म्हटलं, आता कुठे पाठ टेकली असेल घरच्या बाईनं, कशाला उठवा."

वेणुकाने एका ओळीत चार पाने मांडली आणि उत्पलेला पाहुणीशेजारी बसवले. सासू म्हणाली, "अरे, रीत आहे आपली. पाहुणा उपाशी जाता कामा नये."

"आई, पाहुणा एक दिवस उपाशी गेला. घरचं माणूस सहा वर्षं उपाशी राहिलं. सूप हिनं नाही पालथं केलं, मी केलं."

म्हातारीने आपले पान जवळ ओढले. "मीही पेजेवरच काढली रे वर्षं," ती हळूच म्हणाली. "वाटलं, सून पण काढेल."

हे वेणुकाला ठाऊक नव्हते. आईने भरवलेले सगळे घास त्याला आठवले आणि तो मान खाली घालून रडला. मग म्हातारीने आपल्या पानातला मूठभर भात सुनेच्या पानात घातला. वेणुकानेही घातला. पाहुण्या बाईनेही घातला, आणि उत्पलेला "पुरे, पुरे" म्हणावे लागले.

दुसऱ्या दिवसापासून सासू पाच पसे काढू लागली, आणि अन्न काही रुसले नाही. तरीही कमी पडलेच, तर जो तो आपल्या पानातली मूठ काढी. सूप फिरवायचे ते उत्पलेने, आणि तेही स्वतः जेवून हात धुतल्यावर. हळूहळू वाटेवर सगळ्यांना हे कळले. दुरून पालथे सूप दिसले की तांडेवाले एकमेकांना सांगत, "चला, बाई जेवल्या." आणि कोणी फारच भुकेला असला तर आता तो खुशाल हाक मारी, कारण त्या घरात हाकेचा राग कोणाला येत नसे.

धर्म शिकवणाऱ्या भगवान शास्त्यांनी ही कथा जेतवनाच्या विहारात एका गृहस्थाला सांगितली. त्याच्या घरी रोज दहा भिक्षू जेवत, आणि त्याची बायको दाराआड उभी राहून पाने मोजी. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाची सासू ती आज तुझी आई. माळावरून परतलेली बाई ती आज तुझी लेक. उत्पला ती तुझी पत्नी, आणि वेणुक बुरूड तो मीच होतो. देणाऱ्या घरातलेही माणूस ज्या दानात धरलेले असते, तीच दानाची पूर्णता, दानपारमिता."

गृहस्थाने वंदन केले. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर घरी गेला, आणि दाराआड जाऊन त्याने विचारले, "जेवलीस का?"